घेवड्याच्या पानावर बोट फिरवून बघा

 

गटाच्या बैठकीत हप्ता, वही, सह्या हे सगळं उरकलं की खरा विषय निघतो. कोणीतरी पदराच्या टोकात बांधून आणलेलं पान सोडते आणि विचारते, "यावर काय मारायचं?" पान घेवड्याचं असतं, वालवडीचं असतं, कधी परसातल्या पावट्याचं असतं. मग एकजण सांगते, माझ्या दिराने अमुक मारलं. दुसरी सांगते, राख टाक. आम्ही मात्र आधी दुसरंच विचारतो: याला झालंय काय? ते कळल्याशिवाय औषधाचं नाव घ्यायचं नाही, एवढं आम्ही आमच्या गटांपुरतं ठरवून टाकलं आहे. कारण दुकानातून आणलेली पुडी चुकली तर पैसे जातात, आणि त्याहून वाईट म्हणजे आठ दिवस जातात. घेवडा पेरल्यापासून दीड-पावणेदोन महिन्यांत तोड्याला येतो. एवढ्या छोट्या पिकात आठ दिवस म्हणजे फार झाले.

आजचं बोलणं बुरशीच्या रोगांवर आहे. बुरशी म्हणजे काय ते आपल्याला कोणी शिकवायला नको. पावसाळ्यात भाकरीवर येते, लोणच्याच्या बरणीत मीठ कमी पडलं की येते. पिकावरची बुरशी त्याच जातकुळीतली, फक्त ती जिवंत पानातून आपलं अन्न ओढते. तिचं बी म्हणजे धुळीहून बारीक कण. तो वाऱ्याने येतो, पावसाच्या थेंबाबरोबर उडतो, आपल्या हाताला आणि साडीला चिकटून येतो, आणि कधी कधी आपण जपून ठेवलेल्या बियाण्याच्या आत बसूनच येतो. हा शेवटचा रस्ता सगळ्यात महत्त्वाचा. त्यावर पुढे बोलू.

आपल्यातल्या कितीतरी जणी नारायणगावच्या पट्ट्यात द्राक्षबागेत कामाला जातात. त्यांना भुरी आणि केवडा ही नावं पाठ आहेत. तर त्यांच्यासाठी ही एक गोष्ट. फ्रान्समध्ये बोर्डो नावाचा द्राक्षाचा मुलूख आहे. तिथे रस्त्याकडेच्या वेलांवर मोरचूद आणि चुन्याचं निळं पाणी शिंपडायचे, येणाऱ्या-जाणाऱ्याने घड तोडू नयेत म्हणून. मिलार्दे नावाच्या शास्त्रज्ञाने पाहिलं की रस्त्याकडेच्या त्याच वेलांची पानं केवड्याने गळली नाहीत. त्याने त्याचा अभ्यास करून १८८५ साली ते मिश्रण जगापुढे मांडलं. आज आपण ज्याला बोर्डो म्हणतो ते हेच. चोरासाठी केलेला उपाय बुरशीला लागू पडला! पण म्हणून बागेतलं उरलेलं बोर्डो आणून घेवड्यावर मारू नका. घेवड्याचं कोवळं पान द्राक्षाच्या पानाइतकं सोसत नाही, ते करपतं.

आता ओळख. यासाठी भिंग लागत नाही, पुस्तक लागत नाही. अंगठा आणि पहिलं बोट लागतं.

पानाच्या वरच्या बाजूला पिठासारखे पांढरे डाग आहेत, जणू कोणी भाकरी थापताना पीठ झटकलं. बोटाने पुसलं तर पीठ बोटाला येतं आणि खाली पान हिरवंच दिसतं. ही भुरी. ती आधी जुन्या, सावलीतल्या, दाटीतल्या पानांवर येते, मग वर चढते, शेंगेलाही लागते. भुरीची एक खोड लक्षात ठेवा: तिला पाऊस लागत नाही. दिवसा कोरडं ऊन आणि रात्री गारवा असला की ती खूश. म्हणून दिवाळीनंतर, पाऊस संपला, आता रोग कशाला येतोय असं वाटतं तेव्हाच ती येते. आळेफाट्याच्या पूर्वेला बेल्हे, आणे या कोरड्या बाजूच्या बायकांनी भुरीकडे जास्त लक्ष ठेवावं.

पान उलटं करा. खालच्या बाजूला गंजाच्या रंगाचे टाचणीच्या डोक्याएवढे फोड आहेत, आणि बोट फिरवलं की बोट गंजल्यासारखं तांबूस होतं, तर तो तांबेरा. नावातच खूण आहे. सोयाबीनवरचा तांबेरा तुम्ही पाहिला असेल. दिसायला भावकी, पण बुरशी निराळी. रात्रभर दव पडून पान सकाळी उशिरापर्यंत ओलं राहिलं की तांबेरा झपाट्याने वाढतो. एका फोडातून हजारो कण उडतात आणि दहा-पंधरा दिवसांत नवी पिढी तयार. जोराचा तांबेरा आला तर पानं पिवळी पडून गळतात आणि शेंग भरत नाही. मात्र तांबेरा बियाण्यातून येत नाही. तो वाऱ्याने येतो आणि शेतात पडलेल्या जुन्या पाल्यावर टिकून राहतो.

तिसरा करपा. याची पूड बोटाला येत नाही, पुसून काही निघत नाही. पान उलटं केलं की शिरा काळपट-तांबड्या झालेल्या दिसतात, कोणी शाईच्या टाकाने ओढल्यासारख्या. शेंगेवर गोल, खोलगट डाग पडतात, कडेला काळे-तपकिरी आणि मध्ये बसलेले. दमट हवेत त्या खोलगटात गुलाबीसर चिकट थेंब दिसतात. तेच बुरशीचं बी. खात्री नसेल तर अशी शेंग डब्यात ओल्या फडक्यावर ठेवून झाकण लावा आणि दोन दिवसांनी बघा. बघून झालं की शेंग पुरून टाका आणि फडकं उकळा. करप्याला गार हवा आणि रिमझिम पाऊस आवडतो. म्हणजे मढ, माळशेजकडची बाजू, आणि आंबेगावात भीमाशंकरच्या कडेची गावं. आळेफाट्यावर उभं राहिलं तर एक रस्ता माळशेजच्या पावसाकडे जातो आणि दुसरा आण्याच्या माळाकडे. एकाच तालुक्यात दोन हवा आहेत, आणि रोगही दोन तऱ्हेचे. म्हणून पूर्वेच्या बहिणीने सांगितलेला उपाय पश्चिमेच्या बहिणीला लागू पडेलच असं नाही.

चौथा जमिनीतून येणारा. रोप उगवलं, आठ दिवस बरं दिसलं, मग भर दुपारी मान टाकली आणि सकाळीही उठलं नाही. उपटून बघा. मूळ तपकिरी, सडकं, सोलून निघणारं असेल तर मूळकूज. बुडाशी पांढरे धागे आणि मोहरीसारखे दाणे दिसले तर तीही बुरशीच, आणि ते दाणे जमिनीत बरीच वर्षं टिकतात. असं रोप मातीच्या गोळ्यासकट पिशवीत घालून बाहेर काढा. बांधावर फेकू नका. बांधावरचा पाऊस पुन्हा शेतातच येतो.

आता फसवणारी सोंगं. पानावर पिवळे-हिरवे चट्टे, पान वाकडं, पण पूड नाही, फोड नाही, तर तो पिवळा मोझॅक. तो विषाणू आहे, पांढरी माशी त्याला घेऊन येते. त्याच्यावर बुरशीचं औषध म्हणजे पाण्यात पैसे. पानावर वेड्यावाकड्या पांढऱ्या रेषा असतील तर नागअळी. पान निस्तेज आणि खाली बारीक जाळं असेल, पांढऱ्या कागदावर झटकल्यावर ठिपके चालायला लागले, तर लाल कोळी. शेंडा चिकट आणि वर काजळी धरलेली असेल तर मूळ कारण मावा. काजळी ही बुरशी खरी, पण ती माव्याच्या चिकट्यावर वाढते, मावा गेला की जाते. आणि तेलकट ठिपका, भोवती पिवळं कडं, हा बहुतेक वेळा जिवाणूचा करपा. यातलं काही ठरवता येत नसेल तर अख्खं रोप मुळासकट उपटा, वर्तमानपत्रात गुंडाळा, आणि नारायणगावच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा गावच्या कृषी सहायकाकडे त्याच दिवशी दाखवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत नेऊ नका, ते वाटेतच सडतं आणि मग तज्ज्ञालाही काही कळत नाही. जाता येत नसेल तर किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा फोन फुकट आहे, मराठीत बोलतात. फोन घरातल्या पुरुषाने करायचा असा काही नियम नाही.

ओळख पटली की उपाय. आम्ही औषधाआधी चार गोष्टी बघायला सांगतो, आणि त्यातली पहिली आहे तोडणीची वेळ. ही गोष्ट बोलायला सोपी, करायला अवघड. पान ओलं असताना शेतात हात घातला की करप्याचे आणि तांबेऱ्याचे कण एका झाडावरून दुसऱ्यावर आपणच नेतो. म्हणजे दव वाळल्यावर, साधारण साडेनऊ-दहानंतर तोडणी. पण तोडणीच्या बायका तर सातला येतात, दुपारी घरी शेळ्या, लेकरं, पाणी. मजुरी तासावर नाही, दिवसावर. शेतवाली म्हणते, ऊन चढलं की शेंग मऊ पडते, मंचरच्या बाजारात भाव पडतो. दोघींचं खरं आहे. आमच्या काही गटांनी यावर मार्ग काढला तो असा: सकाळचे पहिले दोन तास कांद्याच्या खुरपणीला, गुरांच्या चाऱ्याला किंवा निवडणुकीला द्यायचे (म्हणजे शेंगा निवडायच्या, मतदानाची नाही), आणि वेलाला हात दव वाळल्यावर लावायचा. तोडलेल्या शेंगा लगेच सावलीत ओल्या गोणपाटाखाली ठेवायच्या. आणि रोग असलेला तुकडा सगळ्यात शेवटी तोडायचा, आधी कधीच नाही. एवढ्या एका क्रमाने रोगाचा फैलाव कमी होतो, आणि त्याला एक रुपयाही लागत नाही.

बाकीच्या तीन गोष्टी थोडक्यात. ओळी पातळ ठेवा, वारा खेळला पाहिजे. पाणी मुळाशी द्या. ठिबक असेल तर उत्तम, तुषार असेल तर संध्याकाळी नको, पान रात्रभर ओलं राहतं. आणि टोमॅटो संपल्यावर त्याच तारकाठीवर वालवड चढवत असाल तर आधी काठ्यांवरचा जुना पाला, सुतळी काढून टाका. पाठोपाठ घेवड्यावर घेवडा घेऊ नका. मध्ये दोन हंगाम तरी बाजरी, मका, कांदा असं काही जाऊ द्या.

आता बियाणं. आमच्या मते सगळ्या विषयाचं मूळ इथे आहे. पश्चिमेच्या गावांतून आजही वालाचं, पावट्याचं, घेवड्याचं जुनं बी आईकडून लेकीकडे जातं. मडक्यात राख घालून, तोंड लिंपून ठेवतात. काही गटांनी त्यांची गावपेढी केली आहे: शेर नेला की दीड शेर परत. त्या बियाण्याला बाजारभाव नाही, पण ते गेलं तर दुकानात मिळणार नाही. कोरेगावच्या वाघ्या घेवड्याला आज भौगोलिक मानांकन आहे ते तिथल्या लोकांनी तो पिढ्यान्‌पिढ्या टिकवला म्हणूनच.

पण राखेबद्दल एक गैरसमज आहे. राख भुंग्याला अडवते. करप्याच्या बुरशीला ती काही करत नाही, कारण ती बियाण्याच्या सालीखाली बसलेली असते आणि वर्षभर, त्याहूनही जास्त, तशीच जिवंत राहते. डागाळ शेंगेतलं बी पेरलं की पहिल्या दोन पानांवरच डाग दिसतो आणि तिथून पावसाच्या थेंबाने सगळा वाफा. आणि पेढीतलं बी दहा घरी गेलं तर रोगही दहा घरी गेला. म्हणून पेढी चालवणाऱ्या गटांना आम्ही कळकळीने सांगतो: बी घेताना शेंगेसकट घ्या. नुसतं सोललेलं बी कोणी आणलं तर तिला विचारा, शेंगा कशा होत्या? डागाची एकही शेंग पेढीत नको. तपकिरी ठिपक्याचं, सुरकुतलेलं बी वेगळं काढा. ते जनावराला शिजवून घालता येईल, पेरायचं नाही. वाईट वाटतं, एखादी बाई मोठ्या अपेक्षेने पदरात घेऊन येते. तरी नको म्हणा.

पण वरून चांगलं दिसणारं बीही आतून रोगी असू शकतं, मग काय करायचं? यावर जगात एक साधी युक्ती चालते. अमेरिकेत घेवड्याचं बियाणं मुख्यतः आयडाहोसारख्या पश्चिमेच्या कोरड्या राज्यांत तयार करतात, जिथे पाऊस कमी आणि पाणी पाटाचं. पाऊस नसला की करप्याला उडायला थेंबच मिळत नाही, बी निरोगी निघतं. मग ते बी ओल्या भागात पेरायला नेतात. आपल्याकडे दोन्ही मुलूख एका तालुक्यात आहेत! मढकडच्या गटाने आपलं जुनं बी आण्या-बेल्ह्याकडच्या, पाण्याची सोय असलेल्या एखाद्या बहिणीला चार ओळी उन्हाळ्यात लावायला द्यावं. पाणी पाटाने किंवा ठिबकने. डागाचं रोप दिसलं की उपटायचं. त्या चार ओळींचं बी पुढच्या पावसाळ्याला परत न्यावं. कृषी सखींनी आणि ग्रामसंघाने मनावर घेतलं तर हे जमण्यासारखं आहे. लागतात ते दोन एसटीचे फेरे आणि थोडा विश्वास. उन्हाळ्यात लागणाऱ्या जातीच असतील हे मात्र बघा. पावसाळा संपून दिवस लहान झाल्याशिवाय फुलत नाही असा जुना वाल उन्हाळ्यात नुसताच वाढतो. त्याच्यासाठी कोरड्या भागातलं हिवाळ्याचं पीक बियाण्याला धरावं.

पेरणीआधी बीजप्रक्रिया करा. एक किलो बियाण्याला ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा. गुळाचं पाणी उकळून गार करा, बियाण्याला जेमतेम ओल येईल इतकंच शिंपडा, पावडर चोळा, सावलीत वाळवा, त्याच दिवशी पेरा. हीसुद्धा बुरशीच आहे, पण आपल्या बाजूची. मुळाशी राहून ती वाईट बुरशीला खाते. मूळकुजीवर तिचा चांगला उपयोग होतो. पाकिटावरची तारीख बघा, कारण ते जिवंत आहे. उन्हात, पत्र्याच्या खोलीत ठेवलेलं पाकीट म्हणजे नुसती माती.

आता फवारणी. भुरीला पाण्यात मिसळणारं गंधक, तांबेऱ्याला आणि करप्याला मँकोझेब. दोन्ही साधारण १० लिटर पाण्याला २५ ग्रॅम. आपला पंप १५-१६ लिटरचा असतो, म्हणजे एका पंपाला ३७ ते ४० ग्रॅम. झाकणाने मोजू नका, एका झाकणात किती ग्रॅम बसतं हे प्रत्येक पावडरीचं वेगळं. गटाने एक छोटा वजनकाटा घ्यावा आणि तो फक्त याच कामाला ठेवावा. गंधक भर उन्हाच्या दिवसांत मारू नका, पान भाजतं; तेलाच्या, निंबोळी तेलाच्या फवारणीच्या मागे-पुढे दोन आठवडेही नको. फवारा पानाच्या खालच्या बाजूला बसला पाहिजे, तांबेरा तिथेच असतो. आणि ही औषधं पानावर पहारा देणारी आहेत. आत शिरलेला चोर ती बाहेर काढत नाहीत. म्हणून दहातलं एखादं पान डागाळलं असताना मारलं तर उपयोग, अर्धी पानं गेल्यावर मारणं म्हणजे मनाचं समाधान. दुकानातून पुडी घेताना तिच्या माहितीपत्रकात आपल्या पिकाचं नाव आहे का ते वाचायला सांगा, आणि पक्कं बिल घ्या.

सगळ्यात अडचणीची गोष्ट मात्र प्रतीक्षा काळ. फवारल्यापासून शेंग तोडायला किती दिवस थांबायचं, ते माहितीपत्रकात दिलेलं असतं. पण घेवडा दर दोन-तीन दिवसांनी तोडावा लागतो, नाहीतर शेंग जून होते. म्हणजे तोडा सुरू झाल्यावर फवारायचं असेल तर दोन-तीन तोडे सोडून द्यावे लागतात. कोण सोडतं? त्या शेंगा मंचरला जातात, वाशीला जातात, आणि सडक्या-वाकड्या आपल्याच कढईत पडतात. शहरातल्या लेकराचं पोट आणि आपल्या लेकराचं पोट वेगळं नाही. म्हणून आमचं स्पष्ट मत आहे: लागणारी फवारणी फुलं लागण्याआधी करा. तोडा चालू झाल्यावर रोग आला आणि तीन-चार तोडेच उरले असतील तर फवारूच नका. रोगट पानं काढा, मिळेल तेवढं घ्या, वेल उपटून पुरा. पुष्कळ तोडे बाकी असतील तर पूर्ण शेंगा तोडून मग फवारा आणि लिहिलेले दिवस मोजून थांबा. कॅलेंडरवर खूण करा. त्या दिवसांतल्या जून शेंगा घरच्या आमटीलाही नकोत. त्या पुरून टाका.

परसातल्या चार वेलांना भुरी आली असेल तर दूध-पाण्याचा उपाय करून बघायला हरकत नाही: एक भाग दूध, नऊ भाग पाणी, आठवड्यातून एकदा, सकाळी ऊन असताना. ब्राझीलमध्ये १९९९ साली दोडक्याच्या जातीच्या एका वेलभाजीवर तो यशस्वी झाल्याचं प्रसिद्ध झालं होतं. मात्र दहा गुंठ्यांवर हे करू नका. तेवढं दूध डेअरीला घातलेलं बरं.

फवारणी कोणी करायची यावरही घरात बोला. गरोदर बाईने, अंगावर पाजणाऱ्या बाईने पंपाजवळ जायचं नाही, औषध कालवायचंही नाही. कालवायला स्वयंपाकघरातली बादली, काठी नको. मारताना अंगभर कपडे, तोंडाला फडकं, वाऱ्याच्या पाठीशी उभं राहायचं. फवारणीचे कपडे घरच्या धुण्यात न मिसळता वेगळे धुवायचे, आणि ते बहुतेक वेळा आपणच धुतो, तर हातात मोजे असू द्या. चक्कर, मळमळ, डोळ्यापुढे अंधारी आली तर लिंबूपाणी देत बसू नका, १०८ ला फोन करा आणि औषधाची पुडी दवाखान्यात सोबत न्या.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने आपल्या घेवड्याचं, वालाचं एक पान कागदात घालून आणायचं आहे. चांगलं असलं तरी आणा. आजारी पान शेजारी ठेवून बघितलं की फरक लगेच समजतो. आणि पेढीची मडकी असलेल्या गटांनी या आठवड्यात एक मडकं उघडून दोन मुठी बी ताटात पसरून बघावं. ठिपक्याचे दाणे किती निघाले, ते आम्हाला कळवा.